व्यसनमुक्तीची वार्ता : प्रसारमाध्यमे आणि समाजाची दृष्टी

आमच्या वार्षिक अहवालाचे नियमित वाचक असलेल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी गेल्या वर्षी आम्हांस एक प्रश्न विचारला. नेत्रविभागाच्या पानावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हसणाऱ्या आजीबाई असतात, बालरोग विभागाच्या पानावर आईच्या कडेवरचे बाळ असते. मग व्यसनमुक्ती विभागाच्या पानावर दरवर्षी सभागृहातील रिकाम्या बाकांचेच छायाचित्र का? तेथून बरे होऊन गेलेले कोणीच नाही काय?

प्रश्न आपुलकीचा होता आणि रास्तही होता. ज्याच्या देणगीतून औषधे येतात, खाटा येतात, समुपदेशकांचे वेतन दिले जाते, त्यास आपल्या दानाचे फळ पाहावेसे वाटणे स्वाभाविक आहे. बरे होऊन गेलेले आहेत, आणि पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येक आज याच शहरात रिक्षा चालवतात, शिकवतात, दुकाने सांभाळतात, कार्यालयांत जातात. परंतु त्यांचे चेहरे येथे न छापण्यामागे कारणे आहेत आणि ती समजून घेण्यासाठी व्यसनाकडे पाहण्याची आपली दृष्टी आणि ती दृष्टी घडविणारी माध्यमे या दोहोंचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

आजार आणि त्यावरील शिक्का

मद्य वा अन्य मादक पदार्थांचे अवलंबित्व हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. दीर्घकाळ सेवनाने मेंदूतील समाधानाची आणि संयमाची यंत्रणा बदलते. पूर्वी पुरणारे प्रमाण पुरेनासे होते, आणि पदार्थ न मिळाल्यास शरीर बंड करते : हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, काहींना फिट येतात, तर काहींना दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीव धोक्यात येतो. म्हणूनच बरीच वर्षे रोज पिणाऱ्या माणसास घरात कोंडून एकाएकी दारू बंद करणे घातक ठरू शकते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे, हे रुग्णांच्या नातेवाइकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

हा आजार उलटतो, हेही खरे आहे. परंतु उलटणारा हा एकच आजार नव्हे. अमेरिकेतील वैद्यकीय संशोधकांनी सन २००० मध्ये दाखवून दिले की, व्यसन पुन्हा उसळण्याचे प्रमाण उच्च रक्तदाब, दमा यांसारख्या दीर्घकालीन विकारांच्या तुलनेत निराळे नाही. मधुमेही रुग्णाची साखर वाढली तर आपण त्यास नीतिभ्रष्ट म्हणत नाही. औषध आणि पथ्य तपासून पाहतो. व्यसनाच्या रुग्णाचा पाय घसरला की मात्र 'हा सुधारायचाच नाही' असा निकाल आपण तत्काळ देऊन टाकतो.

या निकालाची किंमत मोठी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी व्यक्तींना मद्यपानाशी निगडित समस्यांसाठी साहाय्याची गरज आहे. आणि मद्यावर अवलंबून झालेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला काही ना काही उपचार वा साहाय्य मिळालेले आहे. या दरीची कारणे अनेक आहेत. उपचारकेंद्रे थोडी आहेत, अंतरे लांब आहेत, रोजगार बुडतो. परंतु आमच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही रोज पाहतो ते कारण निराळे आहे. कुटुंबे उशिरा येतात. काविळीने डोळे पिवळे झाल्यावर किंवा पोटात पाणी भरल्यावर येतात आणि नोंदणीच्या खिडकीवर पहिला प्रश्न विचारतात तो खर्चाचा नसतो. तो असतो, 'कोणाला कळणार तर नाही ना?'

विदर्भाची प्रबोधनपरंपरा

माध्यम म्हटले की आपल्यासमोर वृत्तपत्र, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी येते. परंतु आपल्या विदर्भात व्यसनाविरुद्धचे पहिले प्रभावी माध्यम कीर्तन होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत दारूचे दुष्परिणाम खेडोपाडी पोहोचविले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीवरील भजनांतून आणि 'ग्रामगीते'तून व्यसनमुक्त गावाचे चित्र उभे केले. सप्तखंजिरीवादक सत्यपाल महाराजांनी ती परंपरा आपल्या काळापर्यंत आणली आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकचळवळीच्या रेट्याने जिल्हा दारूबंदी आली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली.

या परंपरेचे ऋण मोठे आहे. तथापि या साऱ्या प्रबोधनाचा रोख स्वाभाविकपणे दारूवर होता. जो तिच्यात अडकून पुढे बाहेर पडू पाहतो, त्या माणसास गावाने कसे वागवावे हा प्रश्न बहुधा मागे राहिला. दारू वाईट हे गावाला पटले. परंतु 'दारू वाईट' आणि 'दारू पिणारा वाईट' या दोन वाक्यांतील अंतर पुष्कळांच्या ध्यानी आले नाही.

नागपूरकरांना हे अंतर समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपल्या शहरात काळी आणि पिवळी मारबत निघते. तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांवर त्या त्या वर्षीच्या सामाजिक दुखण्यांची नावे लिहिलेली असतात. भ्रष्टाचाराचा बडग्या असतो, महागाईचा असतो, व्यसनाचाही असतो. शहराबाहेर नेऊन त्यांचे दहन होते आणि रोगराई, ईडापीडा त्यांच्याबरोबर गेली असे आपण मानतो. व्यसनाचा बडग्या जरूर जाळावा. व्यसनात सापडलेल्या माणसाचा बडग्या करू नये. आमच्या सांगण्याचा सारा आशय या एका वाक्यात आला आहे.

'एकच प्याला' आणि आपली भाषा

मराठी मनावर व्यसनाचे जे चित्र सर्वांत खोल उमटले आहे, ते राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचे होय. गडकऱ्यांचे देहावसान आपल्याच नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी झाले, आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. बुद्धिमान वकील सुधाकर, त्याची पतिव्रता पत्नी सिंधू आणि त्याच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम ही पात्रे ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही त्यांच्याही ओळखीची आहेत. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षक रडले, आणि दारूने घर कसे बुडते हे महाराष्ट्राला कायमचे कळले.

नाटकातील एक प्रसंग मात्र आपण बहुधा विसरतो. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि कामाच्या शोधात बाहेर पडतो. तेथे त्यास दारूबाज म्हणून हिणवले जाते, दारे बंद होतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. शंभर वर्षांपूर्वी नाटककाराने नेमके ओळखले होते की, घसरणीस पदार्थाची ओढ जितकी कारण असते, तितकीच बंद दारेही असतात. परंतु प्रेक्षक घरी घेऊन गेले तो शेवट : सिंधूचा मृत्यू आणि सुधाकरचे विषप्राशन. एकदा प्याला ओठांस लागला की परतीची वाट नाही, हा समज त्यातून दृढ झाला. शोकांतिकेचा तो धर्मच आहे आणि नाटककारास त्याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु रुग्णालयात बसून आम्हांस सांगितले पाहिजे की परतीची वाट आहे आणि त्या वाटेने माणसे रोज येतात.

याच नाटकाने वृत्तपत्रांना एक शब्द दिला. ३१ डिसेंबरच्या रात्रीनंतरची किंवा मद्याच्या दुकानापुढील रांगेची बातमी 'तळीरामां'वाचून सहसा पुरी होत नाही. शब्द गमतीचा वाटतो. परंतु ज्या घरात रात्री अकरा वाजता दाराकडे कान लावून मुले जागी असतात, त्या घरात तो सकाळी वाचला जातो तेव्हा त्यात गंमत उरत नाही. 'बेवडा', 'दारुडा', 'गर्दुल्ला', 'नशेडी' या शब्दांचेही असेच आहे. हे शब्द आजाराचे नाव सांगत नाहीत; ते माणसाचेच नाव बदलून टाकतात.

ही केवळ हळवेपणाची बाब नव्हे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाची हकीकत दोन प्रकारे वाचावयास दिली होती. एकीत त्यास अपशब्दवजा रूढ विशेषण लावले होते, दुसरीत त्यास अमुक विकार आहे असे म्हटले होते. बाकी मजकूर सारखाच. विशेषण वाचणाऱ्यांनी रुग्णास अधिक दोषी ठरविले आणि शिक्षेकडे अधिक कल दाखविला. प्रशिक्षित व्यावसायिकांची ही स्थिती असेल, तर सामान्य वाचकावर रोजच्या मथळ्यांचा परिणाम काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

माध्यमांनी केलेले भले

माध्यमे केवळ शिक्के मारतात असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीच्या कार्यास मोठी चालना लेखणीनेच दिली आहे.

गेल्या शतकाच्या नवव्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरांतील तरुणांत पसरू लागली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्या मुलांमध्ये जाऊन, त्यांच्याशी बोलून लेख लिहिले. त्यांतील तरुण हा कोणी राक्षस नव्हता. तो कोणाच्याही घरातील मुलगा होता. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्याचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्तींनाच तेथे कार्यकर्ते म्हणून सन्मानाने सामावून घेण्यात आले. डॉ. अनिता यांचे १९९७ मध्ये आणि डॉ. अनिल अवचट यांचे २०२२ मध्ये निधन झाले. कार्य चालू आहे. लेखातून देणगी, देणगीतून केंद्र आणि केंद्रातून पुन्हा समाजात उभी राहिलेली माणसे, अशी ही साखळी आहे. देणगीदार वाचकांना तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

आपल्या नागपुरातही असे उदाहरण आहे. येथील 'मैत्री' व्यसनमुक्ती केंद्रात काम केलेले श्री. तुषार नातू यांनी 'नशायात्रा' या आत्मकथनातून स्वतःच्या व्यसनाची आणि त्यातून सुटण्याच्या दीर्घ धडपडीची हकीकत स्वतःच्या नावाने, आडपडदा न ठेवता मांडली. 'हे माझ्यावर गेले आहे' असे सांगणारा आवाज वाचकाला आणि त्याहून अधिक रुग्णाला वेगळाच धीर देतो. 'सत्यमेव जयते' या दूरचित्रवाणी मालिकेच्या २०१२ मधील मद्यपानविषयक भागात कवी जावेद अख्तर स्वतःच्या मद्यपानाविषयी आणि ते सोडण्याविषयी बोलले, तेव्हा असंख्य घरांत हा विषय प्रथमच मोठ्याने निघाला.

जगाच्या इतिहासातील याहून जुना दाखला १९४१ चा आहे. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही परस्परसाहाय्याची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात सुरू झाली. १ मार्च १९४१ रोजी 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा तिच्यावरील लेख प्रसिद्ध झाला. त्यावेळी सुमारे दोन हजार असलेली सदस्यसंख्या वर्षअखेरीस सुमारे आठ हजारांवर गेली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या लेखात सदस्यांची खरी नावे नव्हती. पुढे या चळवळीने वृत्तपत्रे, नभोवाणी आणि चित्रपट यांच्या बाबतीत सदस्याने अनाम राहावे हे आपले तत्त्वच केले. भारतात १९५७ मध्ये मुंबईत तिचा प्रारंभ झाला. नागपुरातही तिचे समूह भरतात आणि कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' आहे.

कोणत्या प्रकारच्या कथनाने समाजाचे मन बदलते, याचाही अभ्यास झाला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही वाचकांना उपचार न मिळालेल्या व्यसनी व्यक्तीचे वर्णन दिले गेले आणि काहींना उपचाराने सावरलेल्या व्यक्तीचे. दुसरे वर्णन वाचणाऱ्यांत अशा व्यक्तीपासून दूर राहण्याची इच्छा कमी आढळली आणि उपचारांवरील विश्वास वाढलेला दिसला. नुसती दुर्दशा दाखविली तर भीती आणि घृणा उत्पन्न होते. दुर्दशेतून बाहेर येण्याची रीत दाखविली तर आशा उत्पन्न होते. गटारात पडलेल्या माणसाचे छायाचित्र छापून व्यसनमुक्ती साधत नाही, ती यामुळेच.

आमची चूक

एवढे सारे ठाऊक असताना आम्ही स्वतः चुकलो, ते येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या वर्धापनदिनी व्यसनमुक्त जीवनाचे एक वर्ष पूर्ण केलेल्या व्यक्तींचा आम्ही सत्कार केला. त्यांत वाहनदुरुस्तीचे काम करणारे एक गृहस्थ होते. मंचावर ते चार शब्द फार सुंदर बोलले. कार्यक्रमास आलेल्या एका वार्ताहराने छायाचित्र मागितले. आम्ही त्या गृहस्थांना विचारले, ते 'हो' म्हणाले आणि आम्हीच आनंदाने छायाचित्र दिले. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती पूर्ण नावानिशी, वस्तीच्या उल्लेखासह आणि मथळ्यात 'दारुडा' हा शब्द घेऊन. बातमी स्तुतीचीच होती.

आठवड्याभराने त्यांच्या पत्नी आमच्या समाजसेविकांना भेटावयास आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ताई, जुन्या वस्तीत हे पिऊन पडायचे, ते सगळ्यांना माहीत होते. म्हणून तर आम्ही खोली बदलली. नव्या वस्तीत हे न पिणारे म्हणून आलो होतो. आता दोन्ही वस्त्या सारख्याच झाल्या." थोरल्या मुलीला पाहावयास येणार असलेल्या मंडळींनी कारण न सांगता येणे रद्द केले होते. गृहस्थांनी आमच्या साप्ताहिक सभेस येणे सोडले. मधल्या काळात त्यांचे पिणे पुन्हा एकदा सुरू झाले. ते या बातमीमुळेच झाले असे म्हणता येणार नाही. परंतु त्या दिवसांत आधारासाठी येण्याची त्यांची जागा आम्हीच हिरावली होती, हे खरे आहे.

काही महिन्यांनी ते परत आले. आम्ही क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं, साहेब. पण ज्यांनी मला फुकट वाचवलं, त्यांना मी 'नाही' कसं म्हणणार होतो?"

धर्मादाय रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. कृतज्ञता म्हणजे संमती नव्हे. ज्याने विनामूल्य उपचार घेतले आहेत, तो मंचावर, टाळ्यांच्या गजरात, विश्वस्तांच्या समोर नकार देऊ शकत नाही. आमच्याविषयीच्या त्यांच्या भावनेचा आम्ही नकळत वापर केला होता.

आज आम्ही पाळत असलेले नियम

त्या प्रसंगानंतर आम्ही त्या गृहस्थांनाही चर्चेस बसवून काही नियम ठरविले. ते थोडक्यात असे :

उपचार चालू असलेल्या कोणत्याही रुग्णाचे छायाचित्र वा माहिती माध्यमांस दिली जात नाही. कायद्याचेही येथे पाठबळ आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यात मद्य आणि मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे. त्याच्या कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या संमतीवाचून तिचे छायाचित्र वा माहिती माध्यमांस देता येत नाही. कायद्याने जेथे संमती पुरेशी मानली आहे, तेथे उपचाराच्या काळात आम्ही ती मागतही नाही.

पुढे कोणी स्वतःहून बोलू इच्छित असल्यास त्यास आम्ही दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारतो ते काही दिवसांनी, एकांतात, आणि उपचारांशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून. घरातील मंडळींचे मतही घेतो, कारण बातमी एकाची छापली जाते परंतु ती साऱ्या घराला चिकटते. संमती केव्हाही मागे घेता येते.

वार्ताहरांना आम्ही विनंती करतो ती पुढीलप्रमाणे : नाव, वस्ती आणि कामाचे ठिकाण यांचा उल्लेख टाळावा, 'दारुडा' ऐवजी 'व्यसनाधीन व्यक्ती' किंवा 'व्यसनातून बरी होत असलेली व्यक्ती' असे लिहावे, बाटली, प्याला, सुई यांची चित्रे बातमीसोबत देऊ नयेत, कारण सावरत असलेल्या रुग्णाच्या मनात ती चित्रेच ओढ जागी करू शकतात, आणि बातमीच्या शेवटी साहाय्य कोठे मिळेल हे सांगावे. भारतीय वृत्तपत्र परिषदेनेही २०१९ मध्ये मानसिक आजार आणि आत्महत्या यांच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. आमचा अनुभव असा की, बहुतेक पत्रकार ही विनंती आनंदाने मानतात. त्यांना ती आधी कोणी केलेली नसते.

आकाशवाणी हे माध्यम आम्हांस या कार्यासाठी विशेष उपयुक्त वाटते. तेथे आवाज असतो, चेहरा नसतो. माणूस आपली हकीकत आपल्याच शब्दांत सांगू शकतो, आणि गावात, शेतात, स्वयंपाकघरात ऐकणाऱ्यास तो आपल्यापैकीच कोणी वाटतो.

येथे एक शंका प्रामाणिकपणे उपस्थित होते. सर्वांनीच चेहरा लपविला तर कलंक मिटणार कसा? लपविणे म्हणजे लाज मान्य करणे नव्हे काय? शंका खरी आहे, आणि म्हणूनच जे स्वतःच्या नावाने पुढे येतात त्यांच्याविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु पुढे येण्याचा निर्णय त्या व्यक्तीचा असावा. तो तिच्या वेळी आणि तिच्या बळावर व्हावा. रुग्णालयाने स्वतःच्या प्रसिद्धीसाठी किंवा देणगी मिळावी म्हणून तो तिच्याकडून करून घेऊ नये. समाजाची दृष्टी बदलण्याचे ओझे सर्वांत अशक्त खांद्यावर टाकण्याचा अधिकार आम्हांस नाही.

आपण काय करू शकता

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमचे सांगणे आहे की, हा आजार लपविण्यात जी शक्ती खर्ची पडते ती उपचारांकडे वळवावी. आपली ओळख आमच्याकडे सुरक्षित आहे. केंद्र शासनाची व्यसनमुक्ती साहाय्यवाणी १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर, तर मानसिक आरोग्यासाठीची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे आपली ओळख न सांगताही बोलता येते. मुलगा गर्द वा अन्य मादक द्रव्य घेतो म्हणून पोलिसांच्या भीतीने घरी बसू नये. मादक द्रव्यविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४अ हे स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या आणि ते पूर्ण करणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस, सेवनाच्या वा अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्याबाबत, खटल्यापासून संरक्षण देते. घरात जपून बोलावे. 'पुन्हा पिऊन आलास?' याऐवजी 'आज त्रास झाला का? उद्या दवाखान्यात जाऊ' असे म्हणणे अवघड असते, हे आम्ही जाणतो. ते एकट्याने जमत नाही, म्हणूनच कुटुंबीयांची स्वतंत्र सभा आहे. तीस रुग्ण येवो न येवो, आपण यावे.

विश्वस्त आणि देणगीदार यांना विनंती आहे ती थोडी निराळी. आपल्यापैकी अनेकांची दुकाने, कारखाने, शाळा, गृहनिर्माण संस्था आहेत. उपचार पूर्ण केलेल्या माणसास सर्वाधिक गरज असते ती कामाची. सुधाकरापुढे बंद झालेले दार आपल्या हाती आहे. एखाद्याने वर्षभर व्यसनमुक्त राहून दाखविले असेल तर त्यास कामावर घेण्याचा विचार व्हावा आणि त्याचा पूर्वेतिहास आपल्यापाशीच राहावा. अशी एक नोकरी एका खाटेच्या देणगीइतकीच मोलाची आहे. किंबहुना ती खाट पुन्हा लागू नये याची ती तजवीज आहे.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो. या वर्षीही व्यसनमुक्ती विभागाच्या पानावर सभागृहातील रिकाम्या बाकांचेच छायाचित्र आहे. ते रविवारी सकाळी, साप्ताहिक सभा सुरू होण्याच्या आधी घेतले आहे. थोड्याच वेळात ते बाक भरले. दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या जागेवर, ते वाहनदुरुस्ती करणारे गृहस्थ बसतात. अलीकडे नव्याने येणाऱ्यांना चहा तेच देतात. त्यांच्या मुलीचा विवाह पार पडला आणि आम्हा सर्वांस निमंत्रण होते. तेथे आम्ही कोण, कोठले, हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. आपल्या दानाचे फळ पाहावयाचे असेल, तर त्या छायाचित्रातील दुसऱ्या रांगेकडे पाहावे, ही नम्र विनंती.